तुझा टप, माझा पाटा

लिंबा, गाडी हलली तेव्हा मला वाटलं, तूच आलास.

दुपार उलटली होती. कयाधूच्या पात्रात, कोरड्या वाळूवर आपली जीप उभी होती आणि तिच्या मागच्या भागात मी पडून होते. अंगात हिवताप. अंगावर दोन गोधड्या. कुत्री आत शिरू नयेत म्हणून मागचा पडदा तू बाहेरून बांधून गेला होतास. तू चाकावर पाय ठेवून चढायचास तेव्हा गाडी जशी डोलायची तशीच डोलली. मी म्हणाले, "आलास का रे? झालं का इंजिन?"  मग गाडी पुन्हा डोलली आणि डोलतच राहिली.

हात खाली गेला तर गोधडीचं टोक ओलं लागलं. फळीच्या कडेनं पाणी वर येत होतं, गढूळ, काड्याकुड्या घेऊन. पाऊस नव्हता. टपाच्या कापडावर चक्क ऊन पडलं होतं. ऊन असताना पाणी कुठून आलं, हे मला समजेना. चाकांखाली वाळू करकरली, मग ती करकर बंद झाली. तेव्हा कळलं, गाडी उचलली गेली. खाली आता जमीन नाही. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही.

परवा तुझा जलदान विधी झाला. भंतेजी तांब्यातून वाटीत पाणी ओतत होते. वाटी भरली, काठावरून पाणी ताटात सांडायला लागलं, आणि माझं तोंड पुन्हा तसंच उघडं राहिलं. मी उठून बाहेर गेले. बायका म्हणाल्या, बहिणीला रडू आवरेना. रडू नव्हतं. मला भीती वाटली. तुझ्या फोटोसमोर पाणी वर वर येत चाललेलं मला बघवेना, बस.

मी भित्री आहे हे तुला ठाऊक होतं. "आक्का, तू मांजराला भेतीस, इजेला भेतीस, मग मला काहून भेत न्हाईस?" असं तू विचारायचास. तुला काय भ्यायचं? आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुझं नाक मी पुसलेलं आहे.

चौथी शिकलेली बाई आहे मी. लिहायला वेळ लागतो. पण बोलायला आता घरात कोणी नाही, म्हणून लिहिते.

तू लढाईनंतर फौजेतून सुटून आलास. मी नवऱ्याच्या माघारी आधीच माहेरी परत आले होते. बाळापूरजवळच्या आपल्या त्या घरात आपण दोघंच. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता झाला, सगळं परभणीतच होतं. दुष्काळ होऊन गेला होता. गावोगाव नव्या विहिरी खोदल्या होत्या आणि त्यांवर तेलाची इंजिनं बसली होती. ती बिघडायची, आणि नीट करणारा माणूस लांब. तू फौजेत ड्रायव्हर होतास, इंजिन तुला कळायचं. लोक बोलवायला यायचे. "मिस्तरी, चला." मिस्तरी जायचा. सामान हिंगोलीहून आणावं लागे, म्हणून एकेका कामाला दोन-तीन दिवस जात. दिवसभर मिस्तरी इकडं, मिस्तरी तिकडं. दिवस मावळला की मिस्तरीनं झोपावं कुठं, याचं उत्तर कुणाकडं नसायचं. ओसरीवर नाही. देवळात तर नाहीच. एकदा तू कुठल्याशा गोठ्याच्या भिंतीला टेकून रात्र काढलीस. घरी येऊन आधी सदरा काढून धुवायला टाकलास. सदऱ्याला शेणाचा वास होता. 

मग सिद्धेश्वरच्या धरणावरची एक जुनी जीप लिलावात निघाली. ती तू ट्रकच्या मागं बांधून आणलीस. वरून उघडी, आत उंदरांची घरटी.

"हे काय आनलंस?"

"घर आनलं, आक्का."

"घराला छप्पर असतंय."

"करू की छप्पर."

त्या छपरावरूनच आपलं भांडण सुरू झालं.

मला पत्रा पाहिजे होता. चारी बाजूंनी पत्रा, एक दार, दाराला आतून कडी. मी तुझ्याबरोबर यायचं तर कडी पाहिजे, असं मी स्पष्ट सांगितलं. घरी एकटी राहायला मला भीती वाटायची आणि तुझ्याबरोबर यायलाही वाटायची, त्यातल्या त्यात यायला कमी. तू म्हणालास, इंजिन म्हातारं आहे, पत्र्याचं ओझं घेऊन औंढ्याच्या चढाला ते मरेल. शिवाय दिवसा छप्पर उतरवून ठेवता आलं पाहिजे, म्हणजे लोकांचं इंजिन मागं टाकून हिंगोलीला नेता येईल. बरोबर होतं तुझं. पण बरोबर असलं म्हणून मला पटत नव्हतं.

तू बुरुडाकडून ओले बांबू आणलेस. जाळावर धरून एकेक वाकवलास आणि कमानी केल्यास, बैलगाडीच्या टपाला असतात तशा. त्यांच्यावर बांबूच्या तट्ट्या, तट्ट्यांवर मांजरपाट, मांजरपाटाला जवसाचं तेल. ते तेल वाळता वाळेना. अंगणभर वास. माशा येऊन कापडावर चिकटल्या त्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या, काळ्या टिकल्यांसारख्या. मागची लोखंडी बाकडी काढून तिथं सागाची नाही, आंब्याची फळी टाकलीस, हलकी म्हणून. फळीखाली भांडी, वर मी. तुझा बिछाना पुढच्या दोन सीटांवर, पाय बाहेर लोंबकळते.

आणि हा सगळा टप गाडीला धरून ठेवायला चार दोऱ्या! चारही दोऱ्या आतून आणून माझ्या उशापाशी तू एक सुरगाठ मारलीस. तिच्या टोकाला लाल चिंधी बांधलीस. टोक ओढलं की चारही दोऱ्या सुटणार, मग दोघांनी दोन बाजूंनी टप उचलून खाली ठेवायचा.

"निरगाठ मार," मी म्हणायचे. "वाऱ्यानं उडालं म्हंजे?"

"उडालं तर आनू की धरून."

"आन् मी उडाले तर?"

"तुला वाऱ्याच्यानं उचलनं व्हत न्हाई, आक्का. बैलजोडी लागती."

गाडीत काय न्यायचं याचा तू नियम केला होतास. एका हातानं उचललं तर आत, नाहीतर घरी. तवा आत. कढई घरी. पाण्याचा हंडा घरी, कळशी आत. तू दारात उभा राहून फौजेतल्या साहेबासारखं माझ्याकडून एकेक वस्तू उचलून घ्यायचास. पाटा मला एका हातानं उचलला नाही. मी म्हणाले, पाटा नसला तर चटणी कशावर वाटू?

"वरवंटा उचलतोय का? मंग वरवंटा घे."

"नुसत्या वरवंट्यानं काय तुझं डोकं वाटू?"

"नदीत चपटे दगड रग्गड हायत."

होतेच. नदीतला दगड धुऊन त्यावर मी वाटलेली चटणी तू बोटं चाटून खायचास आणि वर म्हणायचास, पाट्यापेक्षा ही बरी. मला चिडवायला म्हणायचास. बरीही लागायची, पण ते मी कबूल केलं नाही.

नदी. गाडी तू कायम नदीच्या पात्रात उभी करायचास. वाटेवर लावली की कोणीतरी यायचं, ही जागा अमक्याची. बांधाला लावली की बांध तमक्याचा. गायरानात लावली तर तिथंही विचारणारे. नदीच्या वाळूला मालक नाही, तिथून कोण उठवतो? कोरडी वाळू, भांडी घासायला झऱ्याचं पाणी, दरडीवरच्या करंजाची सावली. ज्यांना काठावर जागा असते त्यांना नदीत घर मांडायचं सुचत नाही. ते आपल्यालाच सुचलं. मला तिथं रोज भीती वाटायची, पण पाण्याची नाही. वरून कोणीतरी येईल आणि हाकलेल, याची. दरडीवर बॅटरीचा उजेड दिसला की मी अंग आखडून घ्यायचे. पाणी माझ्या मनात कधी आलंच नाही. तुझ्याही आलं नाही.

त्या दिवशी नरसीच्या खालच्या अंगाला दत्तरावाच्या विहिरीवर काम होतं. दसरा झाला होता, हस्त संपत आला होता. तू पडदा बांधत होतास तेव्हा दत्तराव दरडीवर येऊन उभा राहिला. मी आतून ऐकलं.

"मिस्तरी, गाडी वर आखाड्यावर आना की. शेतातल्या घरापाशी सावली हाय."

"ऱ्हाऊ द्या, मालक. हितंच बरं हाय."

"न्हाई, बहिनीला ताप हाय म्हनता..."

"हितंच बरं हाय."

तो गेला. तूही त्याच्या मागं विहिरीकडं गेलास. दत्तराव मनापासून म्हणाला की तोंडदेखलं, ते मला आवाजावरून कळलं नाही. तुला त्याचं तोंड दिसत होतं. तू काय पाहिलंस त्यावर? की पाहिलंच नाहीस, आधीच नाही म्हणून टाकलंस? पुढं एका घरात इतकी वर्षं काढली, पण हे मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर, तू गाडी वर का नेली नाहीस, असं तुला ऐकू गेलं असतं.

वर वाशिमच्या अंगाला कुठंतरी पाऊस कोसळला असेल. आपल्याकडं ऊन.

गाडी उचलली गेली ती आधी जागच्या जागी फिरली. जात्याच्या वरच्या तळीसारखी, सावकाश. मग चालू लागली. भांडी फळीखालून निघून माझ्या अंगावर यायला लागली. कळशी माझ्या गुडघ्यावर आपटली. मी पडद्याशी गेले. गाठ बाहेरून. बोटं फटीतून घालून पाहिली, पोचेनात. कापडाच्या पलीकडं उजेड, आणि उजेडात काही नाही, नुसता घोंघावणारा आवाज. गाडी एका अंगावर कलली. पाणी पोटापर्यंत आलं. हिवतापाची थंडी भरून आली होती की भीतीनं दात वाजत होते, मला सांगता येत नाही. 

लाल चिंधी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडं बघत होते आणि ओढत नव्हते. छप्पर आहे तोवर घर आहे, एवढंच डोक्यात. ते टोक ओढलं की मग मी उघड्यावर.

तेवढ्यात तुझा आवाज आला. दरडीवरून, पळता पळता.

"आक्का! टोक वढ! टोक!"

मी काय म्हणाले, आठवतं का? पाणी छातीला लागलेलं असताना मी ओरडले, "न्हाई वढत! उडून जाईल!"

"उडू दे! वढ म्हन्तो ना!"

एवढ्या जोरात तू मला आयुष्यात कधी बोलला नव्हतास. मी ओढलं.

एका झटक्यात चारही दोऱ्या सुटल्या. टप वर उचलला गेला, मी कमान दोन्ही हातांनी धरली, आणि पायाखालून गाडी निघून गेली, कोणी बसायचा पाट ओढून घ्यावा तशी. डोक्यावरून पाणी गेलं. नाकात, कानात वाळू. वर आले तर मी टपावर पालथी, हनुवटी तट्टीवर, पाय पाण्यात. बांबू आणि तट्ट्या तरंगत होत्या. टप गरगर फिरत होता. एकदा हा काठ दिसे, एकदा तो. प्रत्येक फेरीत तू दिसायचास, आणि प्रत्येक फेरीत मला वाटायचं, पुढच्या वेळी नसशील.

नदी जिथं वळते तिथं तू आधीच पोचला होतास. दत्तराव मोटेचा नाडा घेऊन आला होता. त्यानं त्याचा वेढा करंजाच्या बुंध्याला दिला, तू दुसरं टोक कमरेला बांधलंस, आणि उडी टाकलीस.

लिंबा, तुला पोहता येत नव्हतं.

आपल्यातल्या कुणालाच येत नव्हतं. गावातली पोरं विहिरीत शिकतात. आपल्याला विहिरीत कोण उतरू देणार होतं? फौजेनं तुला गाडी शिकवली, बंदूक शिकवली, पाणी शिकवलं नाही. तू पाण्यात पडलास ते दगडासारखा. दोनदा खाली गेलास, मी मोजलं नाही, पण दोनदा तरी. वर आलास तेव्हा तुझे डोळे असे होते की मी माझी भीती विसरले आणि तुझी मला लागली. तुझा हात आला तो थेट माझ्या केसांत.

"सोड टप!"

"न्हाई सोडत!"

"सोड गं, म्हातारे!" मी तेव्हा तिशीचीही नव्हते.

मी सोडला नाही. दत्तरावानं आपल्या दोघांना टपासकट ओढून काढलं. तोही घसरला, गुडघे फुटले त्याचे, पण नाडा सोडला नाही त्यानं. हे मी आयुष्यभर सांगत आले आहे आणि आताही सांगते.

काठावर तू पालथा पडून पाणी ओकत होतास. नाडा कमरेत रुतला होता. दत्तराव गाठ सोडवायला बसला. नखं मोडली त्याची.

"मिस्तरी, ही निरगाठ हाय. भिजून बसली. सुटत न्हाई, कापावी लागन."

"नाडा तुमचा हाय, मालक," तू म्हणालास. ओकता ओकता!

"आरं मरू दे की नाडा!"

त्यानं विळ्यानं कापला. माझ्या डोक्याशी, पडद्याला, फळीला, सगळीकडं सुरगाठ मारणारा माणूस तू. स्वतःच्या कमरेला मात्र न सुटणारी मारलीस. मी तेव्हा ते पाहिलं.

आखाड्यावर दत्तरावाच्या आईनं मला कोरडं लुगडं दिलं, चुलीपाशी बसवलं, चहा दिला. कपबशी वेगळी होती, कोनाड्यातली. चहा पिऊन मी ती विसळायला उठले.  म्हातारी म्हणाली, "ठिव गं बाई, मी इसळते. तापाची हाईस." मी दिली नाही. मीच विसळली आणि पालथी घातली. म्हातारीचं मन चांगलं होतं, हे मला कळत होतं. तरी दिली नाही. तू दारातून बघत होतास.

पाणी ओसरलं तेव्हा जीप खाली एका बाभळीला अडकलेली सापडली, काठोकाठ वाळूनं भरलेली. तू ती उपसलीस. तळाशी वरवंटा निघाला. तो हातात घेऊन तू माझ्याकडं आलास.

"बघ आक्का. तुजं वजन व्हतं म्हून गाडी लांब गेली न्हाई."

"पाटा असता तर जागची हालली नसती."

तू इंजिन उघडून पुसून पुन्हा चालू केलंस, पण मी त्या गाडीत पुन्हा बसले नाही. मग तूही मुक्कामाला जायचं सोडलंस. बाळापुरात दुकान टाकलंस, लोक इंजिनं तिथंच आणू लागले. तुझं लग्न झालं, शांता आली, पोरगा झाला, शांता गेली. टप अंगणात पालथा पडून होता. त्यात कोंबड्या झाकल्या, मग शेळीची पिलं, मग वाळवी लागली. भांडण मात्र चालूच. दर पावसाळ्यात एकदा तरी. मी म्हणायचे, हलकी होती म्हणून वाहून गेली. तू म्हणायचास, हलकी होती म्हणून टप तरंगला. तू गाडीचं बोलायचास की टपाचं, मी गाडीचं की घराचं, काही ठरलं नाही. दोघांचं खरं होतं, असं आता मी लिहू शकते, कारण तू ऐकायला नाहीस.

गेल्या महिन्यात तू खाटेवरून उठेनासा झालास. मी तुला एकटीनं कुशीवर वळवायचे. पहिल्यांदा वळवलं तेव्हा मी घाबरले, हाताला काही लागलंच नाही. तुला ते कळलं.

"एका हातानं उचलतीस का, आक्का?"

"गप पड."

"उचललं तर आत," म्हणालास, आणि हसलास. मला हसू आलं नाही.

तुझा पोरगा विधी आटोपून पुण्याला गेला. आत्या, तूही चल म्हणतो. तिथं चौथा मजला आहे, मला त्याची भीती वाटते. इथं घरावर पत्रा आहे, दाराला आतून कडी आहे, मी तेव्हा मागितलं होतं तसं सगळं. तरी इथंही भीती वाटते. तुझी खाट रिकामी आहे. तिचं सुंभ मी सैल केलं नाही.

एक राहिलं. तुला पोहता येत नाही, हे तू उडी टाकलीस त्याच क्षणी मला आठवलं होतं. तुलाही माहीत होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. पाटा, पत्रा, दोऱ्या, गाठी, सगळ्यावर भांडलो, त्यावर नाही. मी बोलायला पाहिजे होतं की नाही, मला माहीत नाही. आता लिहून ठेवलं.

कयाधूच्या त्या पाण्यातून आपण दोघं जिवंत निघालो. त्यातली आता मी आहे.